प्रभूच्या प्रार्थनेचे दोन पाठ : उगमविषयक वादाचे स्वरूप

पाठचिकित्सेचा विचार करताना मराठीच्या अभ्यासकासमोर सामान्यतः ज्ञानेश्वरी, लीळाचरित्र किंवा तुकारामांची गाथा हे ग्रंथ असतात. हस्तलिखितांची संख्या, लेखकप्रमाद, प्रक्षेप, सांप्रदायिक संस्करण हे त्या चर्चेतील परिचित विषय होत. तथापि केवळ चार-पाच ओळींच्या, कोट्यवधी लोकांना मुखोद्गत असलेल्या आणि जवळजवळ दोन हजार वर्षे अखंड म्हटल्या गेलेल्या एखाद्या रचनेचे दोन भिन्न पाठ प्रमाणग्रंथातच शेजारी शेजारी नांदत असतील, तर पाठचिकित्सेच्या रूढ कसोट्या कितपत पुरतात, हा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो. ख्रिस्ती परंपरेत ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रचनेची स्थिती नेमकी अशी आहे. तिच्या पाठांच्या उगमाविषयी पाश्चात्त्य अभ्यासकांत झालेल्या वादाचे स्वरूप स्पष्ट करणे आणि त्यातून हाती येणारे पद्धतीविषयक निष्कर्ष पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. श्रद्धेच्या दृष्टीने या प्रार्थनेचे मोल काय, हा प्रश्न येथे विचाराधीन नाही.

१. पाठभेदांचे स्वरूप

ही प्रार्थना नव्या करारात दोन ठिकाणी येते : मत्तयच्या शुभवर्तमानात (६:९-१३) आणि लूकच्या शुभवर्तमानात (११:२-४). मार्क आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत ती नाही. दोन्ही ठिकाणचा संदर्भ निराळा आहे. मत्तयमध्ये ती डोंगरावरील प्रवचनाचा भाग असून दांभिक व शब्दबंबाळ प्रार्थनेवरील टीकेनंतर येते. लूकमध्ये येशू स्वतः प्रार्थना करून थांबला असता एक शिष्य विनंती करतो, की योहानाने आपल्या शिष्यांस शिकविले तसे आम्हांलाही प्रार्थना करावयास शिकवावे. त्या विनंतीचे उत्तर म्हणून ही प्रार्थना सांगितली जाते.

संदर्भाप्रमाणेच विस्तारही भिन्न आहे. मत्तयच्या पाठात सात मागण्या मोजल्या जातात, लूकच्या पाठात पाच. ईश्वरी इच्छा पूर्ण होण्याची मागणी आणि वाइटापासून सोडविण्याची मागणी या दोन्ही लूकच्या जुन्या हस्तलिखितांत आढळत नाहीत. संबोधनही लूकमध्ये केवळ एका शब्दाचे, ‘पित्या’ एवढेच आहे. मत्तयमध्ये त्याला अनेकवचनी सर्वनामाची आणि स्वर्गाच्या निर्देशाची जोड मिळाली आहे.

जो भाग दोहोंत समान आहे तेथेही शब्द सारखे नाहीत. भाकरीची मागणी मत्तयमध्ये ‘आज’ या शब्दाने मर्यादित झाली असून क्रियापद एकदाच घडणाऱ्या दानाचा बोध करून देते. लूकमध्ये ‘दररोज’ असा शब्द असून क्रियापदाचे रूप सातत्यवाचक आहे. क्षमेच्या मागणीत मत्तय ‘ऋण’ या अर्थाचा ग्रीक शब्द योजतो, तर लूक ‘पाप’ या अर्थाचा. तथापि याच वाक्याच्या उत्तरार्धात लूकही दुसऱ्यांच्या संबंधात ऋणवाचक शब्दच ठेवतो. ही विसंगती पुढे महत्त्वाची ठरेल.

या दोहोंच्या जोडीला तिसरा साक्षीदार आहे. ‘दिदाखे’ या नावाने ओळखला जाणारा आरंभकालीन ख्रिस्ती आचारग्रंथ पहिल्या शतकाच्या अखेरीचा किंवा दुसऱ्याच्या प्रारंभीचा मानला जातो. इ. स. १०५६ मध्ये नकललेले त्याचे हस्तलिखित फिलोथेओस ब्रिएन्निओस यांना १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले आणि १८८३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्याच्या आठव्या अध्यायात हीच प्रार्थना मत्तयच्या पाठाशी निकट अशा रूपात आली असून ती दिवसातून तीन वेळा म्हणावी, अशी आज्ञा आहे. मत्तयशी साम्य असूनही ‘स्वर्ग’ व ‘ऋण’ हे शब्द तेथे एकवचनी आहेत आणि शेवटी सामर्थ्य व गौरव यांचा उल्लेख करणारे स्तुतिवचन जोडलेले आहे.

२. हस्तलिखितांनी सुटणारे प्रश्न

उगमाच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी जे प्रश्न हस्तलिखितांच्या साक्षीने सुटतात ते वेगळे करणे इष्ट ठरेल. त्यांतील पहिला प्रश्न समारोपाच्या स्तुतिवचनाचा. राज्य, सामर्थ्य व गौरव यांचा निर्देश करणारा हा समारोप मत्तयच्या उत्तरकालीन बहुसंख्य ग्रीक हस्तलिखितांत आहे. चौथ्या शतकातील सिनाइटिकस व व्हॅटिकानुस या हस्तलिखितांत मात्र तो नाही, आणि लॅटिन व्हल्गेटमध्येही नाही. ज्यू उपासनेत प्रार्थनेचा शेवट स्तुतीने करण्याची रीत होती. त्याच रीतीने उपासनेत म्हटला जाणारा समारोप नकलकारांच्या हातून संहितेत शिरला, असे बहुतेक पाठचिकित्सक मानतात. रूढ ग्रीक पाठावर आधारलेल्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तो संहितेत आहे. १८८१ च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीने तो समासात नेला.

दुसरा प्रश्न लूकच्या दीर्घीकृत पाठाचा. अनेक उत्तरकालीन हस्तलिखितांत लूकची प्रार्थनाही मत्तयइतकीच लांब दिसते. मत्तयचा पाठ उपासनेमुळे नकलकाराच्या जिभेवर असे. लूकची प्रत उतरविताना तोच त्याच्या हातून कागदावर येई. पाठसंकराचा इतका स्पष्ट नमुना क्वचितच मिळतो. उलट दिशेने, म्हणजे मत्तयची प्रार्थना लूकप्रमाणे आखूड झाल्याची प्रवृत्ती आढळत नाही.

तिसरा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. लूकच्या दोन मध्ययुगीन हस्तलिखितांत राज्य येण्याच्या मागणीऐवजी पवित्र आत्म्याने येऊन शुद्ध करावे अशी मागणी आहे. हस्तलिखिते उशिराची असली, तरी चौथ्या शतकातील नीसाचा ग्रेगरी या पाठाची साक्ष देतो. आडोल्फ फोन हारनाक यांनी हाच लूकचा मूळ पाठ असल्याचे प्रतिपादन केले. लूकच्या ग्रंथात पवित्र आत्म्याला असलेले महत्त्व आणि प्रार्थनेनंतर थोड्याच अंतरावर (११:१३) येणारा आत्म्याच्या दानाचा उल्लेख त्यांच्या बाजूने बोलतात. परंतु तोच उल्लेख एखाद्या नकलकारालाही असा बदल सुचवू शकला असता. शिवाय बाप्तिस्म्याच्या विधीत अशी मागणी स्वाभाविकच होती. म्हणून हा पाठ उपासनेतून आलेला मानण्याकडे बहुसंख्यांचा कल आहे.

हे तीन प्रश्न वजा केल्यावर जो भेद उरतो, तो नकलकारांनी निर्माण केलेला नाही. मत्तय आणि लूक यांनी आपापले ग्रंथ सिद्ध केले तेव्हाच प्रार्थना दोन रूपांत होती. हस्तलिखितांची वाट येथे संपते आणि खरा वाद येथून सुरू होतो.

३. समान आधारग्रंथाचा पक्ष

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत मांडल्या गेलेल्या आणि विसाव्या शतकात बहुमान्य झालेल्या उपपत्तीनुसार मत्तय व लूक या दोघांसमोर मार्कचे शुभवर्तमान आणि येशूच्या वचनांचा एक आता लुप्त झालेला ग्रीक संग्रह असे दोन आधार होते. या संग्रहास अभ्यासक ‘क्यू’ हे सांकेतिक नाव देतात. प्रार्थना मार्कमध्ये नसून इतर दोघांत असल्याने ती या संग्रहातून आली असावी, हे अनुमान ओघानेच येते. बी. एच. स्ट्रीटर यांनी १९२४ मध्ये मत्तय व लूक यांच्याजवळ प्रत्येकी एकेक स्वतंत्र आधारसामग्रीही होती अशी पुस्ती या उपपत्तीस जोडली. त्यामुळे दोन प्रार्थना दोन निराळ्या प्रवाहांतून आल्या असाव्यात, असे मानण्यासही वाट मिळाली.

समान आधार मानल्यावर त्याचा पाठ कोणता होता हे ठरवावे लागते. या संदर्भात योआखिम येरेमियास यांचे सूत्र दीर्घकाळ प्रमाण मानले गेले : विस्ताराच्या बाबतीत लूक मूळाशी अधिक निकट, तर समान भागातील शब्दांच्या बाबतीत मत्तय अधिक निकट. पहिल्या विधानाचे समर्थन असे की, उपासनेतील रचना वाढते, सहसा घटत नाही. आणि मत्तयची अधिक वचने संबोधनाच्या, पहिल्या मागणीगटाच्या व दुसऱ्या मागणीगटाच्या नेमक्या शेवटी आली आहेत. वाढ होते ती अशाच सांध्यांवर.

दुसऱ्या विधानाचे समर्थन लूकच्या शैलीवरून होते. येशूच्या मागे येणाऱ्याने आपला वधस्तंभ उचलावा, हे वचन मार्कमध्ये आहे. लूक ते घेताना त्यात ‘दररोज’ हा शब्द घालतो (९:२३). भाकरीच्या मागणीतील ‘दररोज’ही त्याच हाताचा असावा. ऋण आणि पाप यांचा उलगडाही असाच होतो. येशूच्या बोलीत, म्हणजे अरामी भाषेत, ‘होबा’ हा एकच शब्द ऋण व पाप या दोन्ही अर्थांनी रूढ होता. मत्तयने त्याचा शब्दशः प्रतिशब्द ठेवला. लूकने ग्रीक वाचकासाठी त्याचा अर्थ उलगडला. परंतु वाक्याच्या उत्तरार्धात त्याने ऋणवाचक शब्द तसाच राहू दिला, आणि त्यावरून बदल कोणी केला हे उघड होते. संपादकाचा हात अर्ध्यावर थांबला की मागे राहिलेला अर्धा भाग पुरावा होतो, या नियमाचे हे उत्तम उदाहरण होय.

येरेमियास यांच्या मांडणीचा दुसरा आधार ‘अब्बा’ हा अरामी शब्द. लूकच्या एकशब्दी संबोधनामागे तो आहे, हे त्यांचे मत आजही ग्राह्य मानले जाते. मात्र हा लहान मुलाच्या तोंडचा लाडका शब्द असल्याचा जो समज त्यांच्या लेखनामुळे पसरला, त्याचे खंडन जेम्स बार यांनी १९८८ मध्ये केले. प्रौढ अपत्येही हाच शब्द वापरीत, हे त्यांनी दाखवून दिले.

४. आधारग्रंथ नाकारणारा पक्ष

या बहुमान्य मांडणीस ऑक्सफर्ड येथील ऑस्टिन फॅरर यांनी १९५५ मध्ये आव्हान दिले. लूकने मत्तयचा ग्रंथच वाचला होता असे मानले, तर लुप्त संग्रहाची कल्पना करण्याचे कारणच उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांचे शिष्य मायकेल गोल्डर यांनी १९६३ मध्ये तो प्रभूच्या प्रार्थनेस लावला. त्यांच्या मते येशूने अशी सिद्ध प्रार्थना शिकविली असती तर मार्कने ती गाळली नसती, आणि गुरूने शब्दशः दिलेल्या प्रार्थनेत फेरफार करण्यास शिष्य धजावले नसते. म्हणून ही प्रार्थना मत्तयने रचली, आणि तिचे घटक त्याला मार्कमध्येच मिळाले.

हे घटक विचारार्ह आहेत. मार्कमध्ये गेथशेमाने बागेतील प्रसंगी येशू पित्याला ‘अब्बा’ म्हणून हाक मारतो, आपली नव्हे तर पित्याची इच्छा व्हावी असे म्हणतो आणि शिष्यांनी परीक्षेत पडू नये म्हणून प्रार्थना करावी असे सांगतो (१४:३६-३८). अन्यत्र (११:२५) प्रार्थनेस उभे राहताना इतरांना क्षमा करावी, म्हणजे स्वर्गातील पिता क्षमा करील, असा उपदेश आहे. मत्तय जेव्हा गेथशेमानेचा प्रसंग लिहितो (२६:४२) तेव्हा येशूच्या तोंडी इच्छेविषयीचे जे शब्द येतात ते प्रार्थनेतील शब्दांशी तंतोतंत जुळतात. ‘स्वर्गातील पिता’ हा शब्दप्रयोगही मत्तयचा विशेष आवडता आहे.

या मांडणीची अडचण लूकच्या बाजूने उद्भवते. लूकसमोर मत्तयचा पूर्ण पाठ असेल, तर ईश्वरी इच्छेची मागणी त्याने का गाळली? ती कल्पना त्याला अप्रिय नव्हती. गेथशेमानेच्या प्रसंगात तो ती आवर्जून ठेवतो (२२:४२). लूकला संक्षेप करण्याची सवय होती, असे उत्तर गोल्डर देतात. परंतु कथाभाग आखूड करणे वेगळे आणि प्रार्थनेतून मागणी वगळणे वेगळे, असा आक्षेप कायम राहतो. मत्तयशी जुळणारे शब्द मत्तयनेच घातलेले असू शकतात, हे मान्य केले तरी त्यावरून संपूर्ण प्रार्थना त्याने रचली हे सिद्ध होत नाही. त्याने हाती आलेली प्रार्थना आपल्या शब्दांनी वाढविली, एवढेच सिद्ध होते. आणि ते तर येरेमियास यांनाही मान्य आहे.

५. एका शब्दाची साक्ष

या वादात ज्या शब्दाने दोन्ही पक्षांना बांधून ठेवले आहे तो म्हणजे भाकरीचे विशेषण, ‘एपिऊसिओस’. दोन्ही पाठांत आणि दिदाखेतही तो आहे. त्याव्यतिरिक्त प्राचीन ग्रीक वाङ्मयात तो स्वतंत्रपणे आढळत नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेननेच नोंदविले, की हा शब्द विद्वानांच्या लेखनात नाही आणि सामान्यांच्या बोलण्यातही नाही. शुभवर्तमानकारांनीच तो घडविला असावा. त्याचा अर्थ ‘आजचा’, ‘येणाऱ्या दिवसाचा’, ‘जगण्यास आवश्यक’ की ‘द्रव्यातीत’, याविषयी मतैक्य नाही. जेरोमने तर एकाच ग्रीक शब्दासाठी लूकमध्ये ‘रोजचा’ आणि मत्तयमध्ये ‘द्रव्यातीत’ या अर्थाचा लॅटिन शब्द ठेवला. इब्री लोकांच्या शुभवर्तमानात येथे ‘उद्याचा’ या अर्थाचा शब्द असल्याचेही त्याने नमूद केले आहे.

उगमाच्या दृष्टीने या शब्दाचे महत्त्व त्याच्या अर्थाहून अधिक आहे. दोन भाषांतरकारांनी अरामी प्रार्थना स्वतंत्रपणे ग्रीकमध्ये आणली असती, तर अन्यत्र कोठेही न आढळणारा हा शब्द दोघांनाही सुचला असता हे संभवत नाही. तेव्हा अरामी प्रार्थनेचे एकच ग्रीक भाषांतर दोन्ही पाठांच्या मुळाशी आहे, हे मान्य करावे लागते. ते भाषांतर लिखित संग्रहात होते, मत्तयच्या ग्रंथातून लूककडे गेले की ग्रीकभाषक मंडळींच्या मुखी होते, एवढाच पर्याय उरतो.

याच शब्दाच्या निमित्ताने घडलेली एक घटना प्रत्येक संशोधकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८८९ मध्ये ए. एच. सेस यांनी फ्लिंडर्स पीट्री यांच्या इजिप्तमधील उत्खननात मिळालेला घरखर्चाचा एक पपायरस वाचून प्रसिद्ध केला. त्यात हा शब्द अर्धवट रूपात असल्याचे मानले गेले, आणि ‘रोजचा शिधा’ या अर्थाला भौतिक पुरावा मिळाला असे अनेकांना वाटले. मूळ पपायरस पुढे बेपत्ता झाला; तरीही छापील वाचनाच्या आधारे तो कोशांतून व भाष्यांतून उद्धृत होत राहिला. ब्रूस मेट्झगर यांनी १९५७ मध्ये या पुराव्याविषयी शंका व्यक्त केली होती. शेवटी १९९८ मध्ये हा पपायरस येल विद्यापीठाच्या संग्रहात पुन्हा हाती लागला. फेरवाचनात त्या जागी प्रार्थनेतील शब्द नसून ‘तेल’ या अर्थाचा साधा शब्द असल्याचे आढळले. शंभराहून अधिक वर्षे एका चुकीच्या वाचनावर अर्थनिर्णयाचा भार राहिला होता.

६. मौखिक परंपरेचा पक्ष

वरील दोन्ही पक्षांचे एक गृहीतक समान आहे : लेखकासमोर लेख होता आणि त्याने त्यात बदल केला. या गृहीतकावरच जेम्स डन यांनी २००३ मधील आपल्या ग्रंथात प्रश्नचिन्ह लावले. नित्य म्हटली जाणारी प्रार्थना मत्तयला किंवा लूकला एखाद्या ग्रंथातून शोधून काढावी लागली असेल, हे असंभाव्य आहे. ती त्यांना आपापल्या मंडळीच्या उपासनेतून पाठच होती. भेद निर्माण झाला तो दोन मंडळींच्या म्हणण्याच्या रीतींतून. एकाच ग्रीक भाषांतराची अपेक्षाही या पक्षात पूर्ण होते, कारण ते भाषांतर मुखाने पसरले असे मानता येते. दिवसातून तीन वेळा म्हणण्याची दिदाखेतील आज्ञा आणि तेथील बारीक शब्दभेद या मताला पुष्टी देतात.

या पक्षाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मौखिक परंपरा भेदाची शक्यता दाखविते, परंतु विशिष्ट भेद विशिष्ट रीतीने का झाला हे तिला सांगता येत नाही. लूकमधील ‘दररोज’ आणि अर्धवट राहिलेला ‘ऋण’चा बदल यांचा उलगडा शेवटी लेखकाच्या शैलीनेच होतो. म्हणजे मंडळींच्या मुखातून आलेल्या पाठांवरही लेखकांची लेखणी फिरली होती, असे म्हणावे लागते. लुप्त संग्रहाची सिद्ध संहिता २००० साली प्रकाशित झाली आहे; पण तिच्यातील प्रार्थनेचा पाठ ही अभ्यासकांची पुनर्रचना आहे, कोणा हस्तलिखिताची साक्ष नव्हे, हे विसरता येत नाही.

७. मराठीच्या अभ्यासकासाठी निष्कर्ष

या प्रार्थनेचा मराठी प्रदेशाशी संबंध जुना आहे. ‘क्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांची कोकणी प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये राचोल येथे छापली गेली, विल्यम कॅरी यांच्या प्रयत्नाने मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला. कॅथलिक मंडळी प्रार्थना समारोपाच्या स्तुतिवचनाविना म्हणतात आणि प्रोटेस्टंट मंडळी त्यासह, हा महाराष्ट्रातही दिसणारा फरक हस्तलिखितांतील पाठभेदाचाच दूरचा पडसाद होय. कॅथलिक मिस्सेत १९७० च्या विधिग्रंथापासून ते स्तुतिवचन येते, परंतु प्रार्थनेला लागून नव्हे, तर मध्ये धर्मगुरूचे वचन घालून. मराठी बायबलमध्ये मत्तयच्या पाठात ‘ऋण’ हा शब्द वाचताना येथील वाचकाच्या मनात देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही परंपरा जागी होते. ती ऋणे फेडावयाची असतात. अरामी ‘होबा’तील ऋण माफ व्हावयाचे असते. शब्द जुळला तरी अर्थाचे क्षेत्र जुळत नाही, याची जाणीव अध्यापनात आवश्यक आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न ‘मूळ पाठ’ या संकल्पनेचा आहे. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते विस्ताराने लूकचा पाठ जुना. परंतु उपासनेत सर्वत्र रूढ आहे तो मत्तयचा. संशोधनाने जुना ठरविलेला पाठ आणि समाजाने जिवंत ठेवलेला पाठ हे येथे दोन आहेत, आणि त्यांपैकी एकाला खोटे म्हणून दूर करता येत नाही. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या प्रस्तावनेत वि. सी. सुखटणकर यांनी १९३३ मध्ये हीच मर्यादा स्पष्ट केली होती : उपलब्ध हस्तलिखितांवरून गाठता येईल असे प्राचीनतम रूप, एवढेच संपादकाचे साध्य, आद्य रचना नव्हे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीच्या परंपरेतील पाठ आणि वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेला पाठ यांच्याविषयीच्या वादातही पुष्कळदा ‘जुना’ आणि ‘खरा’ या दोन शब्दांची गल्लत झालेली दिसते.

प्रभूच्या प्रार्थनेविषयीचा वाद मिटलेला नाही, आणि उपलब्ध साधनांनी तो पूर्णपणे मिटण्याचा संभवही नाही. परंतु कोणता प्रश्न हस्तलिखितांनी सुटतो, कोणता लेखकाच्या शैलीने, आणि कोणता समाजाच्या वहिवाटीकडे सोपवावा लागतो, हे या वादाने स्वच्छ वेगळे करून दाखविले आहे. एखाद्या अभंगातील कडवे प्रक्षिप्त म्हणून वगळण्यापूर्वी आपण या तिहींपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत, हे संपादकाने स्वतःशी निश्चित केले, तर मराठी पाठचिकित्सेतील बरेच वाद अधिक नेमके होतील.